धनुष्कोडीच्या वाऱ्यात निवांत बसायचं असेल तं

आपल्या नागपूरवरून रामेश्वरमला जाणाऱ्या लोकांचा प्रोग्राम ठरलेला असतो. पहाटे अग्नितीर्थावर, म्हणजे मंदिरासमोरच्या समुद्रात डुबकी, मंग मंदिरातल्या बावीस कुंडांचं पाणी डोक्यावर, दर्शन, जेवण, आणि त्यानंतर ऑटोवाल्याचं पॅकेज, त्यात कलामांचं घर, पंचमुखी हनुमान, अजून दोन-तीन मंदिरं आणि सगळ्यात शेवटी दुपारी टळटळीत उन्हात धनुष्कोडी. तिथे अर्धा तास, ग्रुप फोटो, नारळपाणी, चला बसा गाडीत. म्हणजे अख्ख्या बेटावर जी जागा सगळ्यात भारी आहे तिच्याच वाट्याला सगळ्यात वाईट वेळ येते. ज्यांना एवढ्यात समाधान आहे त्यांचं चालू द्या, पण ज्यांना खरंच एखाद्या रिकाम्या, वाऱ्याच्या किनाऱ्यावर तीन-चार तास काही न करता बसायचं आहे, त्यांच्यासाठी हे लिहून राह्यलो.

आधी जागा समजून घ्या, बाकी सगळं त्यावरच आहे. रामेश्वरम हे गाव पांबन नावाच्या बेटावर आहे, आणि हे बेट आग्नेयेकडे निमुळतं होत होत शेवटी वाळूची एक चिंचोळी पट्टी उरते, तीच धनुष्कोडी. रामेश्वरमपासून साधारण 20 किलोमीटर. पट्टीचं अगदी शेवटचं टोक म्हणजे अरिचलमुनई, जिथे डांबरी रस्ता संपतो आणि गोल चक्करमध्ये अशोकस्तंभ उभा आहे. त्याच्यापुढे समुद्र, आणि पाण्यात उथळ वाळूचे उंचवटे सुरू होतात, तोच आपला रामसेतू, पार श्रीलंकेच्या तलैमन्नारपर्यंत. टोकाकडे तोंड करून जाताना डाव्या हाताला बंगालच्या उपसागराचं पाणी, उजव्या हाताला मन्नारचं आखात म्हणजे हिंदी महासागर. आणि एक गंमत, नकाशा उघडून पाहा, नागपूर आणि रामेश्वरम जवळपास एकाच रेखांशावर आहेत, 79 अंशांच्या थोडंसं पुढे, म्हणजे आपल्या झिरो माइलवरून नाकासमोर दक्षिणेला चालत सुटलो तं निघू त्याच बाजूला, फक्त 1300 च्या वर किलोमीटर आहे.

वारा काहून एवढा? कारण एका बाजूला भारत, दुसऱ्या बाजूला श्रीलंका, आणि मधल्या फटीतून वाऱ्याला जायचं आहे, तो तिथे दाबला जातो आणि जोर पकडतो. अडवायला डोंगर नाही, झाडं म्हणाल तं थोडीफार बाभूळ नि खुरटी झुडपं. जून ते सप्टेंबर नैऋत्येकडून, आणि ऑक्टोबरनंतर फेब्रुवारीपर्यंत ईशान्येकडून. म्हणूनच रामेश्वरमला पतंग लावून पाण्यावर घसरायचा तो काइटसर्फिंगचा खेळ चालतो, शिकवणारे लोक आहेत तिथे, पोट्टे मोठे असतील आणि खिसा परवानगी देत असेल तं पाहा.

आता सगळ्यात कामाची गोष्ट. पट्टी चिंचोळी आहे, आणि वारा एका वेळी एकाच बाजूने येतो. त्यामुळे एका बाजूचा समुद्र खवळलेला असतो तेव्हा दुसऱ्या बाजूचा बहुतेक तळ्यासारखा शांत असतो, आणि मध्ये फक्त एक रस्ता! तिथले कोळी शांत पाण्याला बाईसमुद्र आणि दांडग्या पाण्याला बाप्यासमुद्र म्हणतात, बंगालच्या बाजूचा बाईसमुद्र नि महासागराच्या बाजूचा बाप्यासमुद्र, पण ईशान्येचा वारा सुटला की बाईसमुद्रही चांगलाच चिडतो. तुम्ही एवढंच करा, उतरल्या उतरल्या मूठभर कोरडी वाळू उचलून हळूच सोडा, कुठे उडते ते पाहा, ज्या बाजूकडून वारा येऊन राह्यला तिकडे लाटा पाहायला जा आणि बसायला मात्र रस्ता ओलांडून दुसऱ्या बाजूला या. रस्त्याच्या दोन्ही कडांना मोठे दगड टाकलेले आहेत, त्यांच्या आडोशाला वारा डोक्यावरून जातो. निम्मे लोक हे न करता वाऱ्याच्या तोंडावर पाच मिनिटं उभे राहतात, डोळ्यात वाळू जाते, आणि "इथे काय आहे बे" म्हणून परत फिरतात.

वाळूचंही एक गणित आहे. वारा ताशी 20 किलोमीटरच्या वर गेला की कोरडी वाळू चालायला लागते, आणि ती चालते ती जमिनीलगत, बहुतेक कण गुडघ्याच्या खालीच. उभं असताना पोटऱ्यांना फक्त टाचण्या टोचल्यासारखं वाटतं, खाली पाहिलं तं धुराचे लोट जमिनीला चिकटून पळून राह्यले असं दिसतं, त्यात चपलेमागे लगेच वाळूची छोटी शेपटी तयार होते. हे पाहायला मस्त आहे. पण त्याच वेळी दोन वर्षांचं लेकरू खाली बसलेलं असेल तं त्याचं तोंड बरोब्बर त्या धारेत असतं. म्हणून लहान पोरांना कोरड्या वाळूवर बसवू नका, पाण्याजवळच्या ओल्या वाळूवर बसवा, ओली वाळू उडत नाही, फक्त लाटेच्या टप्प्याच्या बाहेर राहा आणि हात धरून ठेवा. निघायच्या आदल्या रात्री फोनवर वाऱ्याचा अंदाज पाहून घ्या. 15-20 असेल तं आरामात बसता येतं. 30 च्या पुढे मजा आहे पण दुपट्टा लागेलच. 40 च्या वर दाखवत असेल तं लहान मुलं नि बुढे लोक घेऊन जाऊ नका, दुसऱ्या दिवशी जा.

दुपट्ट्यावरून आठवलं, आपल्याकडच्या मुली उन्हाळ्यात ॲक्टिव्हावर निघताना जसा दुपट्टा बांधतात, डोळे सोडून सगळं पॅक, अगदी तसाच इथे बांधायचा. नागपूरच्या बर्डीवर जो सुती दुपट्टा मिळतो तोच न्या, जॉर्जेट-शिफॉन नको, ते उडत राहतं. बाप्या लोकांनी पण लाजू नका, मे महिन्यात तुम्हीही बांधताच नं. टोपी न्यायची तं हनुवटीखाली दोरी असलेली, नाहीतर ती थेट तलैमन्नारला. छत्री फालतू आहे, उलटी होते. चष्मा असेल तं ओला रुमाल वेगळा ठेवा, कारण तासाभरात काचेवर मिठाचा थर चढतो आणि कोरड्या कपड्याने पुसला तं त्यातली वाळू काच खरवडते, आधी पिण्याच्या पाण्याचे दोन थेंब टाकून धुवा मंग पुसा. फोनच्या कॅमेऱ्याचंही तेच. कॉन्टॅक्ट लेन्स घालू नका. ट्रायपॉड न्यायचाच असेल तं खाली पाण्याची बाटली लटकवा. ड्रोनचा विचार सोडा, सीमेचा भाग आहे, उगाच चौकशी मागे लागेल. आणि त्या वाऱ्यात ऊन अजिबात जाणवत नाही, अंग थंड वाटतं, रात्री हॉटेलवर आल्यावर मान नि पायाचे पंजे भाजलेले कळतात, सनस्क्रीन लावा, पायाच्या पंजाला पण.

कधी जायचं

जानेवारी ते मार्चचा सुरुवातीचा भाग सगळ्यात चांगला. पाऊस संपलेला असतो, वारा असतो पण सहन होतो, आणि पक्षी असतात. मोठे रोहित म्हणजे फ्लेमिंगो हिवाळ्यात इथल्या उथळ खाजणात उतरतात. तमिळनाडू सरकारने 2025 मध्ये धनुष्कोडीला फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर केलं. रस्त्यावरूनच दिसतात, दुर्बीण असेल तं न्या, चिखलात उतरून जवळ जायचा प्रयत्न करू नका, ते उडून जातात आणि तुम्ही फसता.

आपल्या लोकांना सुट्टी मिळते दिवाळीत नि मे महिन्यात, तिथेच घोळ आहे. तमिळनाडूचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि बंगालच्या उपसागरातली वादळं पण त्याच दिवसांत. दिवाळीत जायचं असेल तं हवामान खात्याचा इशारा पाहिल्याशिवाय निघू नका, आणि एखादा दिवस जास्तीचा ठेवा. मे महिना उलट चालून जातो. मे अखेरचा नवतपा, म्हणजे सगळ्यात तापलेले नऊ दिवस, लागलेला असताना आपण इथे कूलरसमोर बसून कूलरलाच शिव्या देत असतो, तेव्हा तिथे पारा आपल्यापेक्षा बराच खाली असतो, घाम मात्र भरपूर. फक्त 15 एप्रिल ते 14 जून तिकडे मोठ्या बोटींना मासेमारी बंद असते, 61 दिवस, त्यामुळे मासळीसाठी जाणाऱ्यांनी अपेक्षा थोडी कमी ठेवावी, छोट्या होड्यांचा मासा मिळतो तेवढाच. जून ते सप्टेंबर पाऊस कमी पण वारा बेफाम, ज्यांना वाराच खायचा आहे त्यांच्यासाठी हा सीझन.

अमावास्या टाळा. आषाढातली, पितृपक्षातली आणि पौषातली अमावास्या म्हणजे तिथे लाखांत गर्दी, रूम नाही, ऑटो नाही, आणि ज्या शांततेसाठी आपण जातो ती तं विसराच. पोंगल, महाशिवरात्री आणि शनिवार-रविवार पण शक्यतो सोडा. मंगळवार-बुधवार-गुरुवार बेस्ट.

जायचं कसं

उत्तरेकडून रामेश्वरमला जाणाऱ्या साप्ताहिक गाड्या नागपूरवरून जातात, त्यांचं तिकीट मिळालं तं सोन्याहून पिवळं. रिझर्व्हेशन 60 दिवस आधी उघडतं, त्याच दिवशी सकाळी बसा, यात्रेकरूंमुळे लवकर भरतात. नाही मिळालं तं तमिळनाडू एक्सप्रेस पकडून चेन्नई सेंट्रल, तिथून ऑटोने एग्मोर, जवळच आहे, आणि संध्याकाळच्या गाडीने रात्रभर झोपून सकाळी रामेश्वरम. आजकाल काही गाड्या एग्मोरऐवजी तांबरमवरून पण सुटतात, म्हणून तिकिटावर स्टेशनचं नाव नीट वाचा. विमानाने जाणाऱ्यांना मदुराई जवळचं विमानतळ, नागपूरवरून कुठेतरी बदलावंच लागतं, आणि मदुराईवरून रस्त्याने चार तास धरून चला.

रेल्वेने जात असाल तं पांबन पूल येताना झोपू नका. जुना पूल 1914 चा होता, मधून उघडणारा, जहाजं जायची, त्यावरून डिसेंबर 2022 मध्ये गाड्या बंद केल्या आणि शेजारी नवीन पूल बांधला, त्याचं उद्घाटन 6 एप्रिल 2025 ला रामनवमीच्या दिवशी झालं. याच्यात मधला 72.5 मीटरचा तुकडा सरळ वर उचलला जातो लिफ्टसारखा. दारात उभं राहू नका, पुलावर वारा जबरदस्त असतो, खिडकीतून पाहा. वारा ठरावीक मर्यादेच्या वर गेला की पुलावरून गाडी सोडत नाहीत, थांबवून ठेवतात, म्हणून पुढचं कनेक्शन अगदी टाइट ठेवू नका.

रामेश्वरमवरून धनुष्कोडीला सरकारी बस आहे, स्वस्त आहे, खिडक्या उघड्या ठेवून मस्त जाते. ऑटो करायचा असेल तं आधीच स्पष्ट बोला की बाकी पॉइंट काही नको, फक्त धनुष्कोडी, आणि तिथे तीन तास थांबायचं. ऑटोवाला आधी तुमच्याकडे पाहत राहील, तीन तास काय करणार म्हणून, मंग वेटिंगचे पैसे सांगेल, ते निघायच्या आधीच ठरवा. हिंदी बऱ्यापैकी चालते कारण उत्तरेकडचे यात्रेकरू वर्षभर येतात, तरी अण्णा, अक्का म्हणून बोला, काम लवकर होतं. स्कूटर भाड्याने मिळते आणि खरं म्हणजे तोच सगळ्यात मोकळा पर्याय आहे, पण दोन गोष्टी सांभाळा, आडवा वारा गाडीला ढकलतो म्हणून 40 च्या वर पळवू नका, आणि रस्त्यावर जागोजागी वाळूचे पातळ थर आलेले असतात, तिथे ब्रेक दाबला की गाडी सरकते. टाकी रामेश्वरमलाच भरा. तिकडे पंप नाही, एटीएम नाही, राहायला हॉटेल नाही.

मुकुंदरायर चत्रमपासून टोकापर्यंतचा साडेनऊ किलोमीटरचा रस्ता 2017 मध्ये सुरू झाला, त्याच्या आधी लोक जीपने नि मिनीबसने वाळूतून हेलकावे खात जायचे. या रस्त्यावर पोलिसांचं चेकपोस्ट आहे, साधारण सकाळी 6 ला सोडतात आणि संध्याकाळी अंधार पडायच्या आत सगळ्यांना बाहेर काढतात. वेळ मागेपुढे होते, हवा खराब असली की बंदच करतात, म्हणून आदल्या दिवशी हॉटेलवाल्याला विचारून ठेवा. आता सूर्योदयाचा हिशोब पाहा. जानेवारीत तिथे सूर्य साडेसहाच्या आसपास उगवतो, म्हणजे 6 ला चेकपोस्टवर हजर असाल तं टोकावर पोहोचून सूर्योदय मिळतो, आणि तो पण जवळपास टोकाच्या सरळ रेषेत समुद्रातून वर येताना. मे महिन्यात मात्र सूर्य सहाच्या आधीच आलेला असतो, मंग त्यासाठी मरमर करून उठण्यात अर्थ नाही. तरीही सकाळीच जा, कारण साडेनऊपर्यंत टोकावर मोजकीच माणसं असतात आणि दहानंतर बसेस यायला लागतात.

आणि टोकावरच बसायचं असा काही नियम नाही. सगळी गर्दी अशोकस्तंभाच्या चक्करभोवती असते. सूर्योदय पाहून झाला की रस्त्याने एक-दीड किलोमीटर मागे चालत या, दोन्ही बाजूला पाणी, माणूस नाही, एखाद-दुसरा कोळी जाळं ओढताना, बस्स. मला विचाराल तं टोकापेक्षा हाच पट्टा भारी आहे. ज्यांना धनुष्कोडीचीही गर्दी नको त्यांनी रामेश्वरमच्या उत्तरेला ओलैकुडा नावाचं कोळ्यांचं गाव आहे तिकडे चक्कर मारावी, तिथे पर्यटक फार कमी.

पाण्यात उतरायचं का

टोकावर नाही. साफ नाही. दोन समुद्रांचं पाणी तिथे एकमेकांत घुसतं, खालची वाळू सारखी जागा बदलते, आज जिथे गुडघाभर होतं तिथे उद्या गळाभर, आणि ओढ अशी की चांगल्या पोहणाऱ्याचं काही चालत नाही. आपण अंबाझरीच्या स्विमिंग पूलमध्ये शिकलेले लोक, समुद्राची ओढ आपल्याला कळत नाही हे मान्य करून टाका. तिथे बोर्ड लावलेले आहेत, पोलिस शिट्ट्या मारत असतात, तरी दरवेळी कोणीतरी पँट दुमडून खाली जातंच. पाय भिजवायचे असतील तं शांत बाजूला, घोट्यापर्यंत, पाठ समुद्राकडे न करता. आंघोळ करायची तं अग्नितीर्थावर करा, तिथे पाणी उथळ आहे. किनाऱ्यावर निळसर फुग्यासारखं किंवा जेलीसारखं काही पडलेलं दिसलं तं हात लावू नका, मेलेलं वाटलं तरी डंख मारतं. रामसेतूवर होडीने नेतो म्हणणारा कोणी भेटला तं सरळ नाही म्हणा. काही फोन तिथे श्रीलंकेचं नेटवर्क पकडतात, इंटरनॅशनल रोमिंग बंद करून ठेवा, घड्याळाची चिंता नको, दोन्हीकडे वेळ एकच.

खाणं आणि पाणी

पाणी प्रत्येकी दोन लिटर सोबत न्या. खायला आपला चिवडा, फुटाणे, गूळ-शेंगदाणे, काहीही ज्याला वाळू चिकटत नाही. तर्री-पोहे तिथे मिळणार नाहीत, हट्ट सोडा. रामेश्वरमला सकाळी इडली-पोंगल चकाचक मिळतं, ते पार्सल घेऊन जाण्यापेक्षा खाऊनच निघा, कारण वाऱ्यात डबा उघडला की सांबारात वाळू. मांसाहारी लोकांसाठी धनुष्कोडीत झोपड्यांच्या ठेल्यांवर मासा समोर तळून देतात, आपल्या सावजीच्या तोडीचा तिखट नाही पण मसाला चांगला असतो. मासा आधी पाहा, डोळा चमकदार आणि कल्ला लाल असेल तोच घ्या, भाव तळायच्या आधी विचारा.

पाण्यावरून एक गोष्ट पाहायलाच पाहिजे. भग्न वस्तीच्या आसपास कोळी बायका वाळूत तीन-चार फुटांचा खड्डा करतात आणि त्यात चक्क गोडं पाणी लागतं, दोन्हीकडे खारा समुद्र असताना. चमत्कार नाही, पावसाचं पाणी वाळूत मुरतं, गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं असतं म्हणून ते खालच्या खाऱ्या पाण्यावर थरासारखं तरंगत राहतं. खड्डा जास्त खोल केला की खारं लागतं. त्या बायका हळूहळू, वरवरचंच पाणी काढतात, भांडं भरलं की थांबतात, पुन्हा झिरपू देतात. तुम्हाला दिलं तं घोटभर प्या, त्यांच्या खड्ड्यात आपले हातपाय धुऊ नका, ते त्यांचं प्यायचं पाणी आहे.

पडक्या गावाबद्दल

टोकाच्या अलीकडे पडलेलं चर्च, स्टेशनचे अवशेष, पाण्याची टाकी, पोस्ट ऑफिस दिसतं. 1964 पर्यंत हे नांदतं गाव होतं. मद्रासवरून बोट मेल नावाची रेल्वेगाडी इथपर्यंत यायची, इथून स्टीमरने तलैमन्नार, तिथून पुन्हा रेल्वेने कोलंबो, एकाच तिकिटावर. 22 आणि 23 डिसेंबर 1964 च्या मधल्या रात्री चक्रीवादळ आलं, समुद्र गावात शिरला, पांबनवरून धनुष्कोडीला येणारी पॅसेंजर गाडी माणसांसकट वाहून गेली, एकही प्रवासी वाचला नाही. त्यानंतर सरकारने गाव राहण्यालायक नाही म्हणून जाहीर केलं. तरी काही कोळी कुटुंबं परत आली आणि अजून राहतात. चर्चच्या भिंती प्रवाळाच्या दगडाच्या आहेत, ठिसूळ झाल्या आहेत, त्यावर चढून फोटो काढू नका, आणि बाजूच्या झोपड्यांचे, तिथल्या पोरांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका, ती माणसांची घरं आहेत. शिंपल्यांच्या माळा त्यांच्याकडून घ्या, भाव फार करू नका. पण प्रवाळाचे तुकडे कोणी विकत असेल तं घेऊ नका, आणि किनाऱ्यावरून उचलू पण नका, वन्यजीव कायद्यात प्रवाळाला संरक्षण आहे. जवळच वन विभाग कासवांची अंडी जपतो, ऑलिव्ह रिडले कासवं या किनाऱ्यावर येतात, हिवाळ्याच्या शेवटी गेलात तं कुंपण घातलेली जागा दिसेल, लांबूनच पाहा.

परत येताना कोदंडरामाचं मंदिर लागतं, थोडं आत वळावं लागतं, विभीषण इथेच रामाला शरण आला असं मानतात. 1964 च्या वादळातही हे उभं राहिलं. रामटेकला नेहमी जाणाऱ्या आपल्या लोकांना हे बरं वाटेल, मागे खाजण आहे, फ्लेमिंगो बहुतेक वेळा इकडेच असतात.

आता घरातल्या मोठ्यांचा प्रश्न. आई-बाबा म्हणतील आधी देव, मंग फिरणं. त्यांना असं समजवा की बावीस कुंडांच्या स्नानाआधी समुद्रस्नान करायचंच असतं, आणि धनुष्कोडी हे पण तीर्थच आहे, जुन्या परंपरेत काशीयात्रा इथे आल्याशिवाय पूर्ण होत नाही. पहाटे धनुष्कोडी, नऊ-साडेनऊला तिथून निघायचं, अग्नितीर्थावर डुबकी आणि मंग मंदिरात कुंडं. अंगावरचं मीठ, केसातली वाळू, कानातली वाळू सगळं बावीस कुंडांच्या पाण्यात आपोआप निघून जातं, हॉटेलची बाथरूम पण खराब होत नाही. मंदिर दुपारी एकच्या सुमारास बंद होतं आणि तीननंतर उघडतं, म्हणून कुंडांच्या रांगेत अकराच्या आत लागा. ओल्या कपड्यात गाभाऱ्याकडे सोडत नाहीत, कोरडा जोड पिशवीत वेगळा ठेवा, आणि तो जोड धनुष्कोडीला नेऊ नका, हॉटेलवरच ठेवा, नाहीतर त्यातही वाळू भरलेली असेल.